चार बोटांचा खुंट

भट्टीतून जाड, पांढरा धूर निघत होता तोवर सखूला काळजी नव्हती. लाकडातलं पाणी आटत असतं तेव्हा धूर असा दुधासारखा दिसतो. तो पातळ होऊन निळसर झाला की आत कोळसा झाला असं समजायचं आणि बुडाशी ठेवलेली भोकं चिखलाने बुजवायची. उशीर झाला तर कोळशाची राख होते, घाई केली तर अर्धी लाकडं कच्ची राहतात. म्हणून भट्टीपाशी कुणीतरी बसावंच लागतं. चार दिवस सखू बसली होती. पन्नाशी ओलांडल्यापासून तिला एक कळलं होतं, की बसणंसुद्धा कामच असतं आणि त्यानेही अंग दुखतं.

सड्याखालचा, म्हणजे माथ्यावरच्या कातळाखालचा, हा उतार हरिश्चंद्र खोतांचा. सात वर्षांपूर्वी त्यांनी तो तोंडी शब्दावर सखू आणि तिचा नवरा रामा यांना कोळशासाठी दिला. वनखात्याचे कागद खोत करायचे, कोळसा आरे-वारेच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांकडे जायचा. सखूने उताराचे सात तुकडे पाडले. दरसाल एकच तुकडा तोडायचा, बाकीच्या सहांना हात लावायचा नाही. सातवा तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा तयार. तिचा बाप असंच करायचा. यंदा सातवा तुकडा भट्टीत होता, आणि पुढच्या साली पहिल्याची पाळी होती. ती पाळी बघायला मात्र हरिश्चंद्र खोत राहिले नव्हते.

त्यांचा मुलगा शुभंकर रत्नागिरीत नोकरीला होता. माघातल्या एका सकाळी तो मोटारसायकल खाली लावून, धापा टाकत वर आला. धूर चुकवत उभा राहिला.

"सखूबाई, सोमवारी मशीन येतंय. खुंट उपटून काजूची कलमं लावणार आहे."

"कुठच्या तुकड्यात, दादा?"

"सगळ्याच. किती वर्षं नुसतं तोडत राहायचं? डोंगर संपत चाललाय."

"संपत नाय. फिरतोय," सखू म्हणाली. "आमी एका बाजूनं तोडतो, तो दुसऱ्या बाजूनं वाढतो."

"बोलायला बरं आहे. मला दिसू तर दे कुठे फिरतोय."

सखूने रामाकडे पाहिलं. तो भट्टीच्या पलीकडे, पाठीला दगड लावून बसला होता. "धुराकडं बघ," ती म्हणाली.

"सहा म्हयन्याचं पोर असल्यासारखी सांगते," रामा शुभंकरला म्हणाला. पण नजर धुरावर ठेवली.

ती शुभंकरला तुकडे दाखवायला घेऊन निघाली. पहिला तुकडा बघून शुभंकर थबकला. ऐन आणि किंजळीची झाडं पोटरीएवढी जाड, सरळ, एकेका खुंटातून तीन-तीन सोट वर गेलेले. सखू गुडघे धरून खाली बसली. पाचोळा बाजूला करून तिने हाताची चार बोटं आडवी, करंगळी जमिनीला टेकवून, खुंटाशी धरली. जुन्या खुंटाचा माथा बोटांच्या वरच्या कडेला लागला.

"झाड कापायचं ते इतक्यावर. चार बोटं. आणि तिरकं, म्हणजे वर पाणी ऱ्हात नाय. मग फूट मातीजवळून येते, ती आपली मुळं आपण धरते. उंच कापलं तर फूट माथ्यावर येते. पावसात वारा सुटला की ती फाटते, फाटलं तिथं पाणी शिरतं, मग वाळवी."

शुभंकरनेही वाकून आपली चार बोटं लावून पाहिली. "हे बाबांनी कधी सांगितलं नाही."

"त्यांना कुठं म्हाईत होतं. त्यांनी फक्त आमाला हो म्हटलं."

तो हसला. ते दोघे दुसऱ्या तुकड्यात गेले. सखू पुन्हा बसली, हात लावला. खुंट बोटांच्या थोडा वर होता. पाचवं बोट लागलं असतं. तिने ते सांगितलं नाही. तिसऱ्यात खुंट वीतभर होता. फूट होती, पण बारीक. चौथ्यात तिने हात लावलाच नाही, उभ्यानेच बघितलं.

सात वर्षांत हे तुकडे तिने असे एकामागून एक कधी पाहिले नव्हते. पहिली दोन वर्षं ती आणि रामा दोघे तोडायचे. मग तिने भट्टी धरली, रामाने कुऱ्हाड. लाकडं वाहताना लक्ष डोक्यावरच्या भाऱ्यात आणि नजर पायाखालच्या वाटेत. दरसाल खुंट चार-पाच बोटं वर चढत गेला, आणि चार-पाच बोटं कुणाच्या नजरेत येतात?

"शिकवता शिकवता गप्प का झालात?" शुभंकर म्हणाला.

सहाव्या तुकड्यात खुंट गुडघ्याइतके होते. गेल्या पावसातली फूट माथ्याशी फाटून वाळलेली, काळी लोंबत होती. काही खुंटांवर वाळवीची माती चढली होती. सड्यावरचा वारा मोकळ्या उतारावरून सरळ अंगावर येत होता.

शुभंकरने एक फांदी ओढली. ती सालीसकट हातात आली. "हे काय झालं? रावजीची गुरं येतात ना इकडे?"

त्याने आपण होऊनच वाट काढून दिली होती. रावजीची गुरं येत होतीच. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि रावजीला कुणी विचारायलाही गेलं नसतं. सखूने मान हलवायला घेतली. पण थोड्या वेळापूर्वी याच माणसाला तिने चार बोटं लावायला शिकवलं होतं. आज ना उद्या त्याने ती इथेही लावून बघितली असती.

"येतात. पण हे गुरांनी नाय केलं. कुऱ्हाड उंच लागलीय."

"कुणाची?"

"आमचीच."

शुभंकरने हातातली फांदी खाली टाकली. मग म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो ते खरं."

"या तुकड्यापुरतं खरं. सोमवारी मशीन आणू नका, दादा. दसऱ्यापर्यंत थांबा. हे सगळे खुंट मी परत खालून कापते. फूट आली तर डोंगर असाच फिरू दे."

"आणि नाही आली तर?"

"तर मी भांडायला कशाला येऊ? लावा काजू."

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा उतारावरच्या खुंटांकडे बघितलं. "एकटीने कापणार हे सगळं?" सखू वाटेला लागली. खाली उतरताना तो म्हणाला, "दसरा. त्यापुढे नाही."

ती भट्टीशी आली तेव्हा एका बाजूचा धूर निळसर झाला होता. रामा हाताने चिखल थापत होता. तीही बसली. भोकं बुजवून झाल्यावर चिखलाचे हात पाचोळ्याला पुसत ती म्हणाली, "कधीपासून वाकवत नाय तुला?"

रामाने विडी शोधली, सापडली नाही. "तिसऱ्या सालापासून."

"मला सांगितलं नायस."

"काय सांगू? झाडाला समजलं, तुला नाय समजलं?"

सखूला राग यायला हवा होता. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. "आज बघताना मला वाटलं, तू मुद्दाम उंच खुंट ठेवतोस. उठताना टेकायला."

"तेपण होतंच," रामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती खोतांच्या घरी गेली. हरिश्चंद्रांची बायको यमुनाबाई पडवीत सुपाऱ्या सोलत होत्या.

"काकी, तुमच्याकडं दोघांनी ओढायची करवत होती."

"आहे की, माळ्यावर. घर बांधलं तेव्हाची. गंजली असेल." यमुनाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मशीनचं ऐकलं मी. शुभंकर म्हणत होता, तू आपणच चूक सांगितलीस म्हणून."

"दिसतच होती, काकी."

"दिसत असलेलंच कोण सांगत नाही, सखू. घेऊन जा."

कुऱ्हाडीने खाली कापायचं तर कमरेतून वाकावंच लागतं. दोघांची करवत तशी नाही. दोघे समोरासमोर जमिनीवर बसले, पाय लांब केले, तर पातं आपसूक मातीलगत राहतं. हे सखूला भट्टीपाशी बसल्याबसल्या सुचलं होतं. रामाला पटेना.

"बसून कोण लाकूड कापतं? लोक हसतील."

"लोक खाली गावात हायत. इथं मी हाय, आणि मला हसायला वेळ नाय."

मग ते बसले. खुंटाच्या एका बाजूला ती, एका बाजूला तो. ओढ, सोड. ओढ, सोड. कापून झालं की सखू कोयत्याने माथा तिरका तासायची. मग दोघे ढुंगणावरच सरकत पुढच्या खुंटाकडे जायचे, उठत नसत. उठणं सगळ्यात महाग होतं. रामा थकला की करवत नुसती धरून ठेवायचा, आणि सखूला ते दोघांचं वजन ओढल्यासारखं जड जायचं. तरी ती ओढत राहायची. थोड्या वेळाने तो आपणच ओढायला लागायचा. शिमग्याचे ढोल खाली वाजायला लागले तेव्हा अर्धा तुकडा राहिला होता. पालखी गावात फिरत होती. ते दोघे वरून ऐकत राहिले. शेवटचा खुंट कापला तेव्हा पळस झडून गेला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शुभंकर आला. सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. सखू त्याच्या मागून सहाव्या तुकड्यात गेली. ती पावसाळाभर इथे आलीच नव्हती. येववत नव्हतं म्हणाली असती कुणी विचारलं असतं तर, पण खरं म्हणजे बघवत नव्हतं.

शुभंकर गवत बाजूला करत एकेका खुंटाशी थांबला. काहींना मातीतूनच कोवळी, तांबूस पानांची फूट आली होती, हातभर उंच. काही नुसते काळे होते. तीनातला एक तरी मेलाच होता. त्याने एका खुंटाशी बसून चार बोटं लावली. बरोबर लागली.

"मेलेत तिथे मी काजू लावतो," तो उठत म्हणाला. "जिवंत आहेत ते राहू देत. पहिला तुकडा कधी तोडताय?"

"दिवाळीनंतर."

"बसून?"

"बसूनच."

"करवत आई परत मागत नाहीये. ठेवा तुमच्याकडेच."

तो खाली उतरून गेला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर विरेपर्यंत सखू फूट आलेल्या एका खुंटापाशी बसून होती. जादा फूट खुडून तिने तीनच कोंब ठेवले. हा तुकडा पुन्हा तोडायला येईल तेव्हा ती साठीच्या पुढे असेल, रामा असला तर असेल. तिने हिशेब तिथेच सोडला. घरी जायचं होतं.

उठायला म्हणून तिने सवयीने खुंटावर हात टेकला. खुंट चारच बोटं होता, हात सरळ मातीत गेला. तिने दुसरा हातही टेकला, गुडघा वळवला, आणि थोडी थांबून, अंगात जोर गोळा करायला लागली.