लग्नाला गेलेली मॅट

मी कबड्डीची मॅट बोलतेय. मॅट म्हटल्यावर गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची चटई डोळ्यांपुढं आली असेल, तर ती काढून टाका. मी अशी एकसंध नाही. निळ्या-पिवळ्या चौकोनी तुकड्यांची मी बनलेय. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दाते आहेत. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचेत बसले की मैदान तयार होतं. सगळे तुकडे जागेवर असले तरच मी मॅट, एरवी नुसता ढीग.

जन्म कारखान्यातला. त्यातलं गरम साचा आणि रबराचा उग्र वास एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते दौंड तालुक्यात, वरवंडहून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात. सरकारनं गावाशी करार केला होता, मॅट सरकारची, जागा आणि राखण गावाची. मुलींना घराजवळ सराव मिळावा, चांगल्या खेळणाऱ्या मुली निवडून सरकारी निवासी केंद्रात न्याव्यात, तिथं त्यांचं राहणं, खाणं, शिक्षण व्हावं असा बेत होता. त्या बेताला मी अजूनही नावं ठेवत नाही.

गावानं समाजमंदिर दिलं. राखणीला समिती नेमली आणि किल्ली तात्याबांकडे आली. तात्याबा भला माणूस. कुणाच्याही दारात मांडव पडला की घरचं कार्य समजून राबायचे. त्यांच्याकडे मागायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परतत नसे. गावात त्यांना मान होता तो त्यामुळेच.

शिकवायला अंजनाताई यायच्या. कॉलेजात असताना कबड्डी गाजवलेली बाई, आता यवतच्या एका पतसंस्थेत नोकरीला. काम सुटलं की स्कूटीवरून थेट समाजमंदिरात. गावठाणातल्या, बौद्धवस्तीतल्या, माळावरच्या मुली एकाच दारात चपला काढून आत यायच्या. पहिल्या दिवशी पडायला कुणी तयार होईना. मातीवर गुडघे सोलून घेतलेल्या पोरी त्या. ताईंनी एकीला मुद्दाम ढकललं. ती आपटली, उठली आणि हसायला लागली. मग सगळ्याच कारण नसताना धपाधप पडायला लागल्या. मला त्या दिवशी कळलं, माझं काम काय आहे ते. मुलींनी न भिता पडावं म्हणून मला बनवलंय.

त्यांच्यात पूनम होती. तिचा आजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला, आता घर माळावर स्थिरावलेलं, कांदा-ऊस करणारं. चढाईला निघाली की तिचं पाऊल मला जेमतेम जाणवायचं. समोरचीला हात लावून ती मध्यरेषेवर परत आलेली असायची, तरी समोरच्या अजून तिला धरायच्या तयारीत. घरात आजी रतनबाई, आई-वडील आणि थोरला भाऊ सुरज. बारावीनंतर हिचं काय, याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं. पूनमकडे होतं. तिला केंद्रात जायचं होतं. वयाची अट पाहता यंदाची निवड चाचणी तिची शेवटचीच होती, आणि मॅट आहे म्हणून ती चाचणी आमच्याच गावात ठेवलेली. मुलगी नुसती हवेत होती.

पण लग्नसराईही आली होती.

पहिल्यांदा मला न्यायला आले ते पाहुण्यांना टेकायला म्हणून. नवऱ्या मुलाकडची मानाची माणसं, त्यांना फरशी थंड लागेल. तात्याबांनी किल्ली काढून दिली. मग पायंडाच पडला. जागरण-गोंधळ असो, साखरपुडा असो, 'ती मऊ चटई' हवीच. लोक माझ्यावर पत्रावळ्या मांडून जेवले, पान खाऊन पचकन थुंकले, रश्शाची बादली सांडली. परत येताना तुकडे मोजायचं कुणाच्या मनात येत नसे. एक तुकडा शिलाई मशीनखाली राहिला, एक रेडकाच्या अंगाखाली. म्हाताऱ्या गेणबांच्या खाटेखाली दोन गेले. कुणी चोरी केली नाही बरं का. सगळ्यांना वाटायचं, गावाचीच तर वस्तू आहे.

अंजनाताई एकदा फार चिडल्या. मैदानाला मध्येच भगदाड, सराव कसा घ्यायचा? तात्याबा शांतपणे म्हणाले, "ताई, पोरी रोजच खेळत्यात. लगीन एकदाच होतं. कुणाच्या कार्याला मी न्हाई कसं म्हनू?"

ताई उरलेल्या तुकड्यांवरच सराव घ्यायला वळल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तात्याबांचं पटलं होतं.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सुरजचं लग्न निघालं. पूनमच्या वडिलांनी मॅट मागितली. पूनम घरात म्हणाली की चाचणी झाल्यावर काहीही न्या, आत्ता नको. आई म्हणाली, साऱ्या गावानं नेली, आपल्याच दारात पाहुणे फरशीवर बसवायचे का? सख्ख्या भावाच्या लग्नात बहिणीनं किती ताणायचं. तिनं ताणलं नाही. उलट स्वतःच मैत्रिणीला घेऊन तुकडे ट्रॅक्टरमध्ये रचायला लागली, निदान नीट तरी जातील म्हणून. हळद झाली, लग्न झालं, वरात झाली. दुसऱ्या दिवशी रतनबाई न्हाणीत घसरता घसरता वाचल्या, म्हणून पूनमच्या आईनं माझा एक तुकडा तिथं टाकला. म्हातारीच्या पायाखाली राहिल्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच की पाणी पिऊन पिऊन तो तुकडा फुगला.

चाचणीच्या आदल्या दिवशी अंजनाताई दारोदार फिरल्या. तेव्हा कुठं गावाला जाग आली. मग काय लगबग. ज्याच्या त्याच्या घरातून तुकडे निघाले. बायांनी ते घासून धुतले, तात्याबांनी स्वतः गुडघे टेकून दाते जुळवले. फुगलेला तुकडा बसेना, तो त्यांनी टाचेनं दाबून बसवला. लांबून पाहिलं तर मी नवीकोरी दिसत होते.

सकाळी तालुक्याच्या अधिकारी बाई आणि निवड करणारी मंडळी आली. सगळं गाव भिंतीला लागून उभं. पूनमच्या पहिल्या चढायांना टाळ्या पडल्या. निवड करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तेव्हाच मला वाटलं, झालं हिचं काम. पुढच्या चढाईत ती खोलवर गेली, गडी टिपला आणि वळली. फुगलेल्या तुकड्याची कड नेमकी तिथंच वर आली होती. तिचा चवडा त्यात अडकला आणि घोटा फिरला.

ती माझ्यावरच पडली. मी मऊ होते, पण त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

दीक्षाची निवड झाली. बौद्धवस्तीतली ही मुलगी आता केंद्रात आहे, चांगली खेळते, हेही सांगायला हवं. पूनमला मात्र दोघींनी धरून गाडीत बसवलं. अधिकारी बाई हळहळल्या, पण चाचणी पुन्हा घेणं त्यांच्या हातात नव्हतं आणि वय काही थांबणार नव्हतं. तो तुकडा कुणाच्या घरचा, यावर चावडीवर बरीच चर्चा झाली. मला ठाऊक आहे. पूनमलाही ठाऊक असावं, पण ती कधी बोलली नाही.

आता ती शिक्रापूरला एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंग करते. तिथल्याच मुलींबरोबर खोली घेऊन राहते. पाय बरा झाला, फक्त उभं राहून शिफ्ट झाली की सुजतो.

आणि मी? मी समाजमंदिरात रचून ठेवलेली आहे, एक तुकडाही कमी नाही. त्या दिवसानंतर तात्याबांनी दाराला कायमचं कुलूप घातलं. लग्नाला मॅट नाही, गोंधळाला नाही. आणि मुलींनाही नाही. अंजनाताईंनी पुष्कळ समजावलं, मग यायच्या थांबल्या. तात्याबा वाईट नाहीत हो. ते घाबरलेत. येता-जाता कुलूप ओढून पाहतात आणि तिथंच पायरीवर बसून राहतात.

मागच्या रविवारी पूनम गावी आली होती. बाहेर साई नावाची एक चिमुरडी आणि तिच्या वयाच्या पोरी धुळीत रेघ मारून कबड्डी खेळत होत्या. मला भिंतीपलीकडून त्यांचा दम ऐकू येत होता. पूनमनं तात्याबांकडे किल्ली मागितली.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "तुजा पाय डोळ्यापुढनं जात न्हाई."

"तात्याबा, माज्या पायाचं सोडा," ती म्हणाली. "तवा ज्यांना न्हाई म्हनायचं हुतं, त्यांना कदी न्हाई म्हनला न्हाई. आता ह्या पोरींना का न्हाई म्हनताय?"

किल्ली तात्याबांच्या कोपरीच्या खिशात होती, तिच्यावर हात गेला, आणि तसाच राहिला. थोडा वेळ वाट पाहून पूनम शिक्रापूरची गाडी गाठायला निघून गेली.

तुमच्या गावातही माझी एखादी बहीण असेल, सरकारनं दिलेली आणि गावानं सांभाळलेली. ती कुलपात सुरक्षित आहे म्हणून समाधान मानू नका. मला झिजायचंय. बाहेर साई आत्ताच मातीवर आपटली, रडतेय. तात्याबा, तुम्ही पायरीवरच आहात. उठा, दार उघडा.