टोपणाला हात लावू नये

मानवजातीच्या प्रगतीत आधी अग्नी, मग चाक आणि त्यानंतर थेट या इस्पितळाची जंतुसंसर्ग प्रतिबंधक समिती, असं समितीच्या अध्यक्षांनी वॉर्डात पाऊल ठेवताच जाहीर केलं. आणि स्वतःच्याच तळहातात दणदणीत शिंकले.

"आधी हात धुऊन या," सिस्टर म्हणाल्या. अध्यक्ष निमूट जाऊन धुऊन आले.

पलंगावर काका होते. त्यांच्या दंडात औषधांसाठी लांब नळी बसवलेली, तिच्या तोंडावर टोपण. रक्त तिच्यातूनच काढायचं होतं. अकराच्या आत नमुना लॅबमध्ये पोचला आणि रिपोर्ट बरा आला, तर काका आज घरी. नाहीतर मुक्काम थेट सोमवारपर्यंत. काकूंनी सहालाच पिशवी भरली होती. तिच्यात काकांची पँटही गेल्यामुळे काका चादर घट्ट धरून पडले होते.

साडेदहाला सिस्टरनी ग्लोव्ह्ज घालून स्पिरिटच्या बोळ्याने टोपण घासायला घेतलं. "पंधरा सेकंद घासायचं, मग आपोआप वाळू द्यायचं. कुणी हात लावायचा नाही."

"उत्तम!" अध्यक्ष मागे उभ्या असलेल्या समितीकडे वळले. "लक्षात घ्या, जंतू शिरतात ते नेमके इथून!" आणि 'इथून' म्हणताना त्यांनी टोपणावर बोट टेकवलं.

सिस्टरनी नवा बोळा घेतला. पुन्हा एक ते पंधरा.

टोपण वाळेपर्यंत उपाध्यक्षांना दम निघेना. "लवकर वाळेल," म्हणत त्यांनी प्रेमाने फुंकर घातली.

नवा बोळा.

सचिवबाईंनी अहवालासाठी फोटो काढायचा म्हणून टोपण जरा उजेडाकडे वळवलं.

नवा बोळा.

"जंतू बरे हो," काकू कडाडल्या, "निदान भाषणं तरी करत नाहीत!"

"सिस्टर," काका क्षीण आवाजात म्हणाले, "मी राहतो सोमवारपर्यंत. ह्या समितीला आज घरी सोडा."

अकराला पंधरा मिनिटं उरली होती. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड. हात डोक्यावर."

समिती वळली. रक्त काढताना सिस्टरचा शब्द अखेरचा, हा नियम समितीनेच मागच्या महिन्यात एकमताने मंजूर केला होता.

सिस्टरनी ग्लोव्ह्ज बदलले, टोपण घासलं, वाळू दिलं. पहिलं थोडं रक्त टाकून दिलं, मग नमुना घेतला, बाटलीवर तिथेच नाव चिकटवलं, नळी सलाईनने धुतली आणि स्वतःच लॅबकडे धावल्या. परतल्या त्या हसतच. "पोचला! तीन मिनिटं राखून."

काकूंनी पिशवीतून पँट काढली. ज्यांच्या हाताला सुई नव्हती अशा पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

भिंतीकडे तोंड करूनच अध्यक्षांनी घसा खाकरला. "मित्रहो, आज या वॉर्डात इतिहास घडला. शिस्तीपुढे जंतूंनी गुडघे टेकले. पुढच्या पिढ्या..." ते थांबले. मग आवाज एकदम खाली आला.

"सिस्टर, एक हात खाली घेऊ का? चष्मा घसरतोय."