टोमॅटो पिकला

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक!

आमचा चीजचा कारखाना तुला माहीत आहेच. आणि मुरलेल्या चीजचा तुकडा तोंडात टाकला की माझं तोंड लालबुंद होतं, अंगभर खाज सुटते, हेही. डॉक्टर म्हणाल्या, हिस्टामिन. चीज जितकं मुरलेलं तितकं ते जास्त, ताज्यात नावापुरतं. तेव्हापासून बाबा मला ‘टोमॅटो’ म्हणतात आणि कारखाना दादाला द्यायच्या गोष्टी करतात. "पाण्याला घाबरणाऱ्याच्या हाती नाव द्यायची का?" म्हणे. दादाला चीज आणि साबण यातला फरक कळत नाही गं! आणि मला तर तोच कारखाना हवाय.

तर परवा सकाळी कोवळ्या, म्हणजे न मुरलेल्या चीजच्या चकत्या गाडीत चढत होत्या. शाळेच्या खानावळीसाठी. कोवळं मला आरामात चालतं, म्हणून एक तुकडा खाल्ला. आणि बघते तर काय, कान तापले, गळ्याला खाज!

"बाबा, माल थांबवा. दुधातच काहीतरी बिघडलेलं असणार. नाहीतर कोवळ्यात एवढं हिस्टामिन आलं कुठून?"

बाबांनी वास घेतला, चाखलं. "उत्तम आहे. तुझ्या थोबाडावरून माल अडवू? हो बाजूला."

"पोरांना त्रास झाला तर?" मी गाडीच्या दारातच फतकल मारली.

ड्रायव्हरकाका हसले, "टोमॅटो पिकला वाटतं!"

"पिकू दे. लाली उतरली की डोळे बांधा माझे आणि कुठल्याही फळीवरचं द्या. मग बघा."

बाबाही हट्टी. दुपारी त्यांनी खरंच रुमाल बांधला. एका फळीवरचं कोवळं चीज दिलं. वाट बघितली, काही नाही. दुसऱ्या फळीवरचं, काही नाही. मग तिसरा तुकडा. थोड्याच वेळात माझे कान तापले आणि काकांचंच हसू बंद झालं. "अहो मालक, बघा तरी!"

रुमाल सोडला तर बाबांच्या हातात गाडीतलीच चकती. त्यांनी सगळा माल स्वतः उतरवला. मग किल्ल्यांचा जुडगा काढून म्हणाले, "घे. कारखाना तुझा. पण यापुढे प्रत्येक माल आधी तू चाखायचास."

मी म्हटलं, "कारखाना घेते, खाज नाही. नमुने प्रयोगशाळेत जातील."

बाबांनी जुडगा घट्ट धरला. मी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. अजून घेतलेला नाही.

तू काय केलं असतंस, सांग?