आमेनकाकांच्या भिंतीवरची काच

मी एक जुनी काचपट्टी आहे. दोन बोटं रुंद, आणि पूर्वी वीतभर लांब होते. आता निम्मीच उरले आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असण्याची शक्यता कमी आहे. कारण मी जिथे असते, तिथे माणसं माझ्यावर हमखास काहीतरी टांगतात.

आधी मी प्रार्थनामंदिराच्या खिडकीत होते. चांगली मोठी काच होते मी. आतलं गाणं माझ्या अंगातून थरथरत बाहेर जायचं आणि कंटाळलेली मुलं माझ्यावर श्वास सोडून चित्रं काढायची. एका वादळात खिडकी आपटली आणि माझे तुकडे झाले. खिडकी दुरुस्त करायला आलेल्या गवंड्याने त्यातला एक लांबट तुकडा पिशवीत टाकला. हा माणूस काहीच फेकत नसे. त्याची बायको म्हणायची, "उद्या मला फेकायची वेळ आली तरी हे म्हणतील, राहू दे, कशालातरी उपयोगी पडेल."

माझा उपयोग त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी झाला.

बहिणीचा नवरा सुतार होता. गावभर त्यांना आमेनकाका म्हणत, कारण उपासनेत त्यांचं 'आमेन' सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत आधी यायचं. पाळक नुसते श्वास घ्यायला थांबले, तरी काकांचं आमेन होऊन जायचं. त्यांची एकुलती एक लेक लहानपणीच तापाने गेली होती. घरातली शांतता त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी घाईघाईने घराला एक मोठी खोली जोडायला काढली, लोकांनी यावं, गावं, प्रार्थना करावी म्हणून. मोकळी जागा एकच होती: मागची जुनी विहीर, जी राडारोडा टाकून बुजवली होती.

"भाऊजी, हा भराव उपसून कातळापर्यंत जाऊ या," गवंडी म्हणाला होता. "वेळ लागेल, पण पाया पक्का होईल."

"देवाच्या कामाला देव सांभाळतो," काका म्हणाले आणि दुसरे कारागीर आणले.

खोली दिसायला देखणी झाली. मग तिच्या मागच्या भिंतीला तडा गेला. ताईंनी गुपचूप भावाला बोलावलं. त्याने मला तड्यावर आडवं धरलं, माझी दोन्ही टोकं सिमेंटात बसवली आणि मधला भाग मोकळा ठेवला.

"ताई, भिंत हलली नाही तर ही काच तुझ्यामागेही टिकेल. हलली, की ही तडकेल. मग सामान काढत बसू नकोस. माणसं काढ."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझं काम कळलं. मला ओरडता येत नाही. तुटणं हेच माझं बोलणं.

काका संध्याकाळी घरी आले, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फ्रेम आणली. खडकावर बांधलेलं घर वादळात टिकतं, या अर्थाचं वचन त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडात कोरलं होतं. अक्षरं सुरेख होती. ती फ्रेम त्यांनी बरोबर माझ्यावर टांगली.

"आलेल्या माणसांना तडा कशाला दाखवायचा?" ते म्हणाले.

फ्रेममागे अंधार होता, कडेच्या फटीतून दिसेल तेवढंच. खोली भरायची, गाणी व्हायची, आमेन घुमायचं, आणि माझ्या दोन्ही टोकांना कुणीतरी हळूहळू ओढत राहायचं. खाली विहिरीतला भराव दबत होता. वर कुणाला पत्ता नव्हता. सगळे म्हणायचे, काकांचा विश्वास म्हणजे विश्वास! मला मात्र त्या खोलीची भीती वाटायची.

खोली रिकामी असली, की काका तिथे एकटे यायचे. खुर्च्या सरळ करायचे. एकदा त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही. मग ते एका खुर्चीचा पाय पॉलिश पेपरने घासत बसले. तो पाय आधीच गुळगुळीत होता.

ताईंचं वेगळं होतं. त्या रोज सकाळी भांड्यांचे ओले हात पदराला पुसत यायच्या, फ्रेम उचलून मला पाहायच्या आणि मग तिथेच गुडघे टेकायच्या. त्यांची प्रार्थना पुटपुटण्याइतकी हळू असे; मी जवळ होते म्हणून ऐकू यायची. "प्रभू, पोरीची आठवण येते. मला तुझा अजून राग येतो. पण जाऊ कुठे? तू मला सोडणार नाहीस, आणि मीही तुला सोडणार नाही." मला वाटायचं, या घराचा पाया कुठे असलाच, तर या बाईपाशी आहे.

मग तो रविवार आला. दुपारी मोठी उपासना होती, बाहेरगावचे पाळकही यायचे होते. सकाळी ताईंनी पाहिलं, तेव्हा मी अखंड होते. दुपारी, खुर्च्या मांडून झाल्यावर, भिंतीने एक हिसका दिला आणि मी मधोमध तुटले. आवाज इतका बारीक झाला, की कुणीच वळून पाहिलं नाही.

पण खालच्या खुर्चीवर पांढरी भुकटी पडली होती. ताई ती पुसायला वाकल्या, थांबल्या आणि त्यांनी फ्रेम उचलली.

"अहो, काच तडकली."

"काच आहे, तडकणारच. उन्हाने तडकली असेल."

"फ्रेममागे ऊन कुठून येणार?"

"हळू बोल. लोक दारात आलेत. असं वचन लावलं आणि स्वतःच पळाला, म्हणतील. जरा विश्वास ठेव."

"विश्वास देवावर आहे माझा. या भिंतीवर ठेव असं त्याने मला कधी सांगितलं नाही."

त्या सरळ दारात गेल्या आणि म्हणाल्या, "उपासना आज समोरच्या मोकळ्या जागेत. आत कुणी येऊ नका." कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. पण लोक रस्त्यापलीकडे गेले. काका मात्र आतच पहिल्या खुर्चीवर बसले आणि मोठ्याने गाऊ लागले. गिलाव्याचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या खांद्यावर पडला. ते आणखी मोठ्याने गाऊ लागले.

ताई परत आत आल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली.

"तू बाहेर जा!"

"तुम्ही बसलात तर मीही बसते. मला प्रभूसमोर जायचं भय नाही. तुम्हाला आहे, म्हणून एवढ्या जोरात गाताय. लेक गेल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. नुसतं आमेन, आमेन."

भिंत करकरली. काकांनी गाणं थांबवलं.

"काय बोलू त्याच्याशी? राग येतो मला त्याचा."

"मग तेच सांगा. मी रोज सांगते."

काका खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आले. काय बोलले, ते मलाही नीट ऐकू आलं नाही. लेकीचं नाव तेवढं कळलं. शेवटी आमेन नव्हतं, हुंदका होता. ताईंनी त्यांचा दंड धरला. "चला, उठा आता. उरलेलं बाहेर बोला. तो बाहेरही आहे."

दोघं रस्ता ओलांडून गेले. लोकांनी गाणं सुरू केलं आणि मागची भिंत खाली बसली. कोसळली नाही, बसली. बुजवलेल्या विहिरीने तिला आत ओढून घेतलं. तिच्यापाठोपाठ छत आलं आणि त्या पहिल्या खुर्चीचा भुगा झाला. काकांनी कोरलेलं वचन ढिगाऱ्यातून निघालं, पण खोलीतलं दुसरं काही जागेवर उरलं नव्हतं.

गवंड्याने राडारोड्यातून माझा अर्धा तुकडा शोधून पिशवीत टाकला. खोली पुन्हा बांधताना मात्र काकांनी स्वतः पाट्या वाहिल्या, भराव तळापर्यंत उपसला आणि कातळावर पाया घेतला. नाव आमेनकाकाच राहिलं, पण आवाज बदलला. त्यांचं आमेन आता सगळ्यांच्या नंतर आणि हळू येतं.

आणि मी? मी पुन्हा प्रार्थनामंदिरात आले आहे. इथल्या भिंतीलाही एक तडा गेला, तेव्हा गवंड्याने त्यावर मला बसवलं. काही महिन्यांतच कुणीतरी माझ्यावर मखमली पडदा सोडला. शोभेसाठी, म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी आमेनकाका सगळ्यांच्या आधी यायचे, पडदा उचलून मला पाहायचे आणि मग गुडघे टेकायचे.

ताई गेल्या. काकाही आता अंथरुणाला खिळले आहेत. पडदा कुणी उचलत नाही. पडद्याबाहेर गाणी पूर्वीपेक्षा छान होतात.

मित्रांनो, आज सकाळी मी पुन्हा तडकले. घंटा वाजते आहे, खुर्च्या भरत आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी या, आणि हा पडदा उचला.