बंद घराची जोडणी

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी नाना लेकीवर खेकसले ते पुस्तकावरून.

"वाचा, वाचा! इथे गल्ली तुंबायची वेळ आलीय आणि बाईसाहेब दुसऱ्या प्रकरणात!"

"तिसऱ्या," व्हॅनमधून उत्तर आलं.

गल्लीखालची सांडपाण्याची वाहिनी म्हातारी, जागोजागी तडकलेली. रस्ता न खोदता ती धडधाकट करायची, हे नानांचं काम. राळेत भिजवलेली कापडी नळी मॅनहोलमधून पाण्याच्या जोराने आत सोडायची, मोजा उलटा करतात तशी. गरम पाण्याने ती आतल्या आत कडक होते आणि जुन्या पाइपात नवा पाइप तयार! एकच पंचाईत. घराघरांतून येणाऱ्या जोडण्यांची तोंडंही झाकली जातात. ती मग लेक व्हॅनमध्ये बसून, कॅमेऱ्यात बघत, छोट्या यंत्राने आतून कापून उघडायची. वापरात नसलेली जोडणी तेवढी बंद ठेवायची. ती ओळखायला आधी प्रत्येक घरात रंगीत पाणी ओतायचं. खाली रंग उतरला, तर जोडणी चालू.

"पाचवी उघडत नाहीस?" नानांनी डोकं आत घातलं.

"ती बंद पडलेली आहे."

"सकाळी रंग टाकलास?"

सकाळी पाचव्या घराला कुलूप होतं. किल्ली तीन गल्ल्या पलीकडे कुणा आत्याबाईंकडे, असं शेजारीण म्हणाली. ऊन मी म्हणत होतं आणि प्रकरण ऐन रंगात आलं होतं.

"टाकला," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाला नानांनी तीनतीनदा खोदून विचारलं असतं. तिला एकदाच विचारलं. कागदावर सही ठोकली आणि जाता जाता तिच्या डब्यातला मोठा घास पळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, नाना गेले.

तीन आठवड्यांनी पाचव्या घरातली मंडळी गावाहून परतली. चौघंही प्रवासाचा शीण घालवायला एकामागून एक न्हाली आणि न्हाणीघराचं तळं झालं.

"नवा पाइप म्हणे!" घरातल्या काकू स्टुलावर उभ्या राहून कडाडल्या. "एक होडी पण द्या आता!"

कामाच्या साहेबांनी फाइल उघडली. नानांची सही बघून त्यांचा आवाज खाली आला.

"नानाही माणूसच. शेवटी शेवटी लक्ष उडालं असेल."

"तीस वर्षांत एक घर बुजवलं नाही हो त्यांनी," नानांच्या हाताखालचा पंपवाला हळहळला. "आणि जाताना हे असं."

लेक व्हॅनमध्ये शिरली. पडद्यावर पाचव्या जोडणीच्या जागी नळीला एक बारीक खळगा दिसत होता. यंत्र गुरगुरलं, चकती गोल फिरली आणि अडलेलं पाणी धो धो कोसळलं.

"गेलं! गेलं!" वरून काकू ओरडल्या. पंपवाल्याने टाळ्या पिटल्या.

साहेब व्हॅनच्या पायरीवर टेकून अहवाल लिहीत होते. ‘पर्यवेक्षकाची नजरचूक.’ किती सोयीचं होतं ते! कुणी रागावणार नव्हतं, नाना तर नाहीच नाही. तिने अहवालावर बोट ठेवलं.

"साहेब, ते खोडा."

"अगं, कुणी काही म्हणत नाहीये त्यांना."

"नाना चुकले नाहीत. त्यांनी विचारलं होतं मला. मी रंग टाकला नव्हता. टाकला म्हणाले मी. खोटं बोलले मी त्यांच्याशी."