पूजेतली फ्लॉपी

शर्मिष्ठाने चौथ्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर इंटरनेट जोडणाऱ्या नेटवर्क कार्डापुढे तेच पिवळं उद्गारचिन्ह. पाच वाजून गेले होते, आणि सहाला कौशिकला तिकडच्या बंदरातल्या खलाशांच्या क्लबातल्या कॉम्प्युटरवरून उठावं लागणार होतं. मग जहाज सुटणार, पुढे दोन महिने नुसता समुद्र. ऊर्मी जन्मली तेव्हाही तो जहाजावरच होता. लेक चार महिन्यांची झाली, बापाने तिला पाहिलेलं नाही. फोटोंचं पाकीट जहाजामागे बंदरं हिंडतंय. आज कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर भेटायचं ठरलं होतं.

दुखणं तिला कळलं होतं. रिची स्ट्रीटच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेलं ते जुनं कार्ड प्लग-अँड-प्ले, म्हणजे कॉम्प्युटरला हाक द्यायचा आपला नंबर आपणच निवडणारं. कालपर्यंत गुमान चाललं. आज तिने आवाजासाठी त्याहून जुनं साउंड कार्ड बसवलं. ते पाच नंबर धरून बसलं, आणि याला नेमका तोच हवा. नेटवर्क कार्डाच्या फ्लॉपीवरून प्लग-अँड-प्ले बंद करायचं आणि दहा नंबर ठरवून द्यायचा, पाच मिनिटांचं काम.

पण फ्लॉपी खाली, घरमालक गुंडोमामांच्या देवघरात. काल मामांनी जिन्यातून हाक मारली होती, “तुमच्या घरचीही विद्या द्या सरस्वतीच्या पूजेला, वही-पुस्तक काहीही!” मांडीवर पोर, म्हणून तिने हाताला लागली ती कॉम्प्युटरची वही दिली. फ्लॉपी वहीतच होती.

ती ऊर्मीला कडेवर घेऊन खाली धावली.

“मामा, तेवढी फ्लॉपी द्या. लगेच परत ठेवते.”

“अय्यो, पूजेतली विद्या उद्या विजयादशमीलाच उठवायची. आज मी पोस्टकार्डसुद्धा वाचत नाही.”

“मग इंटरनेटचं ब्राउझिंग सेंटर तरी उघडं असेल?”

“सेंटरवाला व्यंकट कीबोर्डला हार घालून गावी गेला. आज आख्ख्या मैलापुरात तेच.”

घरमालकीण कनकाक्का स्वयंपाकघरातून आल्या. “लेकरू बापाला दिसायचं, त्याने सरस्वती रागावेल होय? तीही बाईच की!” त्यांनी देवीपुढे हात जोडले आणि स्वतः फ्लॉपी काढून दिली.

शर्मिष्ठा धापा टाकत वर आली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. वाचता येत नाही म्हणाला. तिने फ्लॉपी बाहेर काढली. मामांनी भक्तिभावाने दोन्ही बाजूंना थापलेलं चंदन पत्र्याच्या झडपेखाली शिरलं होतं. दुपट्याच्या टोकाने हळूहळू पुसलं. पुन्हा घरघर. पुन्हा.

सहाला दहा कमी असताना खालून मामांनी हाक दिली, “फोन! कौशिकचा!” ती ऊर्मीला घेऊन जिना उतरली.

“स्क्रीन काळीच आहे गं,” तो म्हणाला.

“नाही जमलं रे.”

“बरं. आवाज तरी ऐकव तिचा.”

तिने रिसीव्हर ऊर्मीच्या तोंडाशी धरला. दिवसभर बडबडणारी पोर टकामका पाहत राहिली. हूं नाही, चूं नाही.

“राहू दे,” कौशिक म्हणाला. “तूच सांग. दिसते कशी? फोनचं कार्ड संपत आलंय, लवकर सांग.”

रोज तासन् तास पाहिलेला चेहरा. शर्मिष्ठाला कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

“उजव्या कानामागे ना, तिला एक तीळ...”

फोन तुटला. तीळ पोचला की नाही, तिला कळलं नाही.