दुःख पिणारं निळं कापड

दालनाबाहेर ही गर्दी! आत चित्र मात्र एकच. चादरीएवढं कापड, निळ्या रंगाने माखलेलं. त्याच्यासमोर उभं राहून उसासा टाकला, की ते गुलाबी होतं. झालं! चित्राने तुमचं दुःख प्यायलं म्हणे.

मला या 'म्हणे'चा भारी संशय. शाळेत रसायनशास्त्र शिकवून केस पिकलेत माझे. पण चमत्कार बघायची हौस म्हणून मी आले नव्हते. आदल्या दिवशी धाकट्या भावाची बायको फोनवर रडत होती. "ताई, यांनी फिटच्या गोळ्या बंद केल्यात. आजार चित्र ओढून घेतंय म्हणतात. काल शेगडीपाशी फिट आली, हात भाजला. तरी ऐकतील तर शपथ!"

आम्ही दोघी पोचलो, तर हाताला पट्टी बांधलेला भाऊ रांगेत सगळ्यात पुढे. चित्राशेजारी काळ्या झग्यातले चित्रकार. लोक त्यांना 'आचार्य' म्हणत.

"हे चित्र नव्हे," आचार्य डोळे मिटून म्हणाले. "ही चित्राच्या नसण्याने असण्याशी केलेली मूक वाटाघाट आहे. इथे निळा हा रंग नाही, रंगाने स्वतःला दिलेला नकार आहे. अवकाशाच्या गर्भात शून्य कूस पालटतं, तेव्हा..."

"तेव्हा काय होतं?" मी विचारलं.

शेजारी रांगेत उभे असलेले एक वकील दचकले. "अहो, ते कळायचं नसतं, अनुभवायचं असतं."

"मग एवढं बोलतात कशाला?"

आचार्यांनी भावाला पुढे ओढलं. "रिता हो! आणखी जवळ! आतला काळोख कापडावर सोड!" भावाने जोरजोरात श्वास सोडले. कापड मधोमध गुलाबी झालं. गर्दीने "आहाहा" केलं. मग कापडामागे दिवे लागले. "आता चित्र दुःख पचवतंय," आचार्य म्हणाले, आणि हळूहळू गुलाबी पुन्हा निळं झालं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यात चहाची विजेची किटली होती. मी बटण दाबलं आणि पाणी उकळताच ती उचलून थेट चित्राखाली धरली.

"अहो बाई, हे काय!" आचार्य ओरडले. तोवर वाफ लागलेलं सगळं कापड गुलाबी!

"काय हो, या किटलीला कसलं दुःख?"

लोक हसले. आचार्य चाचरले, "वाफ... वाफ म्हणजे पाण्याचा विरह." तरी गर्दीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्याच!

"विरहबिरह काही नाही. हे कोबाल्ट क्लोराइड. कोरडं असलं की निळं, ओल लागली की गुलाबी. श्वासात ओल असते, मागचे दिवे ती सुकवतात." मी कापड उचलून तापलेले दिवे दाखवले. आचार्य झगा सावरत दाराकडे सरकले.

भाऊ रागावला. "ताई, मला बरं वाटत होतं गं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वाटत होतं रे राजा. पण हात भाजला तेव्हा हे चित्र धावून आलं नाही. बायको आली."

तो खाली बघत म्हणाला, "त्यांचं एक अक्षर कळायचं नाही. सगळे माना डोलवायचे. वाटलं, आपणच बिनडोक."

त्याच्या बायकोने पर्समधून गोळ्या काढल्या. तो मुकाट्याने तिच्याबरोबर डॉक्टरकडे निघाला.

म्हणून कळकळीने सांगते. औषध थांबवायचं का, ते डॉक्टरला विचारा, भिंतीवरच्या कापडाला नव्हे. आणि बोललेलं कळलं नाही, तर चारचौघांत 'कळलं नाही' म्हणा. लाज बोलणाऱ्याला वाटू दे. हे दोन शब्द माझा भाऊ वेळेवर बोलला असता, तर त्याचा हात भाजला नसता.